बसलेलं इंजिन

शहादेव रेल्वेच्या मोठ्या डिझेल इंजिनाचा ड्रायव्हर. पण घरात त्याचा काही तोरा चालायचा नाही. आई भिवराबाई म्हणायची, "लोकाची पोरं ट्रॅक्टर दारात आणून दावत्यात. तुझी गाडी मी कवा बघायची?" आता बोला! इंजिन काय दारात आणता येतं? पण बीडची नवी लाईन कडा गावाजवळ तिच्याच शिवारातून गेली. निवृत्तीच्या आठवड्यात शहादेवनं साहेबाच्या हातापाया पडून तिकडची खडीची मालगाडी मागून घेतली. आईला सांगितलं, रुळाजवळच्या लिंबाखाली बस, शिट्टी मारत पुढून जातो.

म्हातारी सकाळपासून पाण्याचा तांब्या आणि कुंकू घेऊन लिंबाखाली बसली. शहादेवला लांबून तो लिंब दिसायला लागला, आणि चढावर इंजिनाच्या पोटात धाडकन आवाज झाला. काळा धूर आला अन् इंजिन आपोआप बंद पडलं. नशीबच खोटं, दुसरं काय.

सहायक रामहरी मागं जाऊन बघून आला. पोटातला दाब वाढला की इंजिन बंद करणारं बटण बाहेर आलं होतं. "दाबून चालू करू का, दादा? लिंबापर्यंत तरी पोचू. न्हाईतर झाकण काढून बघतो."

नियम दोघांनाही पाठ होता. ते बटण पुन्हा दाबायचं नाही, गरम झाकण उघडायचं नाही. आत तापलेल्या तेलाची वाफ असते. तिला वारा लागला की भडका उडतो अन् माणूस जागेवर जातो. पण नियम पाठ असणं वेगळं आणि समोर आई बसलेली असणं वेगळं. मदतीचं इंजिन मागून येणार आणि गाडी उलटी ओढून नेणार, हे शहादेवला ठाऊक होतं. ही पाळी पुन्हा मिळणार नव्हती. खोटं कशाला सांगा, तो उठून मागं गेला अन् त्याचा हात बटणाकडं गेला.

तेवढ्यात त्याला बाप आठवला. ऊसतोडीला असताना भरल्या गाडीचा बैल असाच चढावर बसला होता. बापानं त्याच्याखाली पाचट पेटवलं. बैल उठला, थोडं ओढलं, अन् जुवाखालीच मेला. भिवराबाई पुढं कितीतरी दिवस नवऱ्याशी धड बोलली नव्हती.

"ऱ्हाऊ दे," शहादेव म्हणाला. "चल, लांब बसू." त्याचे डोळे भरून आले होते.

पुढं शेडमध्ये झाकण उघडलं, तर पिस्टनचा दांडा मोडून इंजिनाची कूस फाडून गेला होता. पण ते नंतरचं.

गाडी येईना म्हणून म्हातारीच काठी टेकत रुळाच्या कडेनं आली. मान वर करून इंजिनाकडं बघत राहिली.

"बसलं व्हय रे?"

"व्हय, आई."

"पाचट न्हाई ना पेटवलंस?"

"न्हाई."

तिनं तांब्यातलं पाणी चाकावर ओतलं, पोळ्याला बैलाच्या खुरावर ओततात तसं, आणि कुंकू लावलं. मग लेकाचा तेलकट हात हातात घेतला.

"लई वढलंस, बाबा," ती म्हणाली. "आता तुजंबी जू उतरव."