कुलूपवाल्याची कानस

ज्याने जन्मभर लोकांची कुलपं उघडली, त्याचा कुणावरच विश्वास नसावा यात नवल ते काय? कुलूपवाले स्वतःच्या दाराला तीन कुलपं लावत आणि कोपऱ्यावरून परत येऊन ती ओढून बघत. नदीवरची मासे धरायची जागा तर त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. पुढे खोल डोह, पाठीशी दाट झुडपं. झुडपांतल्या एका फटीतून हात उंच करून दोरी मागे न्यायची आणि गळावर बांधलेली पिसांची नकली माशी पाण्यावर टाकायची, एवढी एकच फेक त्यांना येत होती.

पण तीन महिन्यांपासून उजवा खांदा वर जाईना. त्यांनी घरात ब्र काढला नाही. दर रविवारी डोहाशी नुसते बसत आणि मासे लागत नाहीत म्हणत रिकाम्या हाताने परतत.

अशात जावई अंगणातल्या गवतावर पाणी मारून फेकीचा सराव करू लागला. तो दोरी मागे नेतच नव्हता. हात खालीच ठेवून असा झटका द्यायचा की दोरी वेटोळं घेत पुढे उलगडायची.

"मासा काय टाळ्या वाजवणार आहे?" कुलूपवाले बायकोजवळ कुरकुरले. मग मनात शंकेची पाल चुकचुकली. मागे झुडपं असतील त्यालाच ही फेक लागणार. म्हणजे याने आपली जागा हेरली! लेकीला विचारलं तर ती हसून आत गेली, म्हणजे तीही सामील.

शनिवारी जावई आंघोळीला गेलेला बघून त्यांनी त्याची डबी उघडली. बारा माश्या, सुबक बांधलेल्या. खिशातली कानस काढून त्यांनी प्रत्येक गळाच्या टोकावर दोन-दोन हात मारले. जेवताना मात्र जावयाला आग्रह करकरून वाढलं.

रविवारी तो बरोबर येतो म्हणाला. जागा त्याला ठाऊकच आहे, तर फजिती तरी बघू, म्हणून कुलूपवाल्यांनी नेलं. डोहाशी येताच जावयाने त्यांच्याच हातात काठी दिली.

"खांदा न उचलता फेका, बाबा. तुम्ही हल्ली डाव्या हाताने केस विंचरता, हे हिने पाहिलं. म्हटलं, आधी आपण शिकू, मग तुम्हाला दाखवू. माश्याही तुमच्यासाठीच बांधल्यात."

कुलूपवाल्यांनी हात खालीच ठेवून झटका दिला. पहिल्या तीन फेकी पायाशीच पडल्या. चौथी मात्र उलगडत थेट डोहाच्या मध्यावर गेली आणि पाणी उसळलं. काठी वाकली. एवढा मोठा मासा त्यांना वर्षात लागला नव्हता, आणि खांदा जरासुद्धा दुखला नव्हता. त्यांना लहान पोरासारखा आनंद झाला. तेवढ्यात दोरी सैल पडली.

जावयाने ती ओढून घेतली आणि गळाच्या टोकावरून अंगठा फिरवला. दुकानदाराने बोथट माल गळ्यात मारला, असं म्हणून तो हळहळला.

कुलूपवाल्यांनी खिशातून कानस काढली.

"दुकानदाराला बोल लावू नका," ते म्हणाले. "बाराही तशाच आहेत. धार लावून देतो, बसा जरा."