पाच रेघांची शेजारीण

"ओळ संपू दे!"

बेल वाजवली की बंद दारामागून हा हुकूम यायचा. मग तुम्ही पोस्टमन असा, बर्फ उपसायला आलेले असा, नाहीतर माझ्यासारखे पोह्यांचा डबा घेऊन उभे असा, बाईंची ओळ संपेपर्यंत दार उघडत नसे. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावच्या जानेवारीत एकदा मी अकरा मिनिटं उभा होतो. पोहे गार झाले आणि मी पोह्यांपेक्षा गार झालो. दार उघडून त्या म्हणाल्या, "सॉरी, व्हायोलिनला मध्येच टाकून येता येईना."

आमच्या शेजारच्या या बाई मूळच्या इंग्लंडच्या. तिकडे उत्तरेला एका गावात वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आणि वर घर. चाळीस वर्षांपूर्वी इकडे कॉलेजात शिकवायला आल्या आणि राहिल्या. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत रचणं हे त्यांचं काम. असं संगीत रचणारे सगळे कधीच मेलेत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तसं मी पहिल्याच भेटीत बोलूनही गेलो. "मी अजून नाही," त्या म्हणाल्या. प्रसिद्ध आहात का, हेही विचारलं. आपण विचारतोच. "माझं संगीत ऐकलेली माणसं एका बसमध्ये मावतील," त्या म्हणाल्या, "पण मध्येच उतरून कोणी जाणार नाही."

माझी मुलगी रेवा सगळ्या मोठ्या बायकांना म्हणते तसं त्यांनाही काकू म्हणायची. मग आम्हीही म्हणू लागलो.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काकूंची नजर जायला लागली. समोर पाहिलं की नेमका मधला भाग नाहीसा, कडा तेवढ्या दिसत. डॉक्टरांनी फार तर वर्षभर दिसेल असं सांगितलं. आणि गावातल्या हौशी वाद्यवृंदासाठी वीस मिनिटांची रचना तर अर्धीच झाली होती. दातांचे डॉक्टर, शाळेतल्या बाई, रिटायर झालेले फायरमन असे लोक त्यात वाजवतात. दुसऱ्या कोणी हात टेकले असते. काकूंनी लायसन्स परत केलं, गाडी विकली आणि रिकाम्या गॅरेजच्या भिंतींवर पांढऱ्या कागदाचे मोठे रोल लावले.

"आता अक्षर मोठं काढायचं, एवढंच," म्हणाल्या.

रेघा मारायचं काम माझ्याकडे आलं. पाच-पाच रेघा, दोन रेघांत चार बोटांचं अंतर. त्यावर त्या जाड मार्करने सूर लिहीत, मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. रविवारी मी ते लॅपटॉपवर उतरवायचो. रेवाच्या व्हायोलिनच्या क्लासला बसून बसून मला त्यांचं नोटेशन वाचता यायला लागलं होतं.

इथेच मी माती खाल्ली. मी पुण्याचा, त्यात सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याची चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका जागी व्हायोलिनचा सूर खालच्या चेलोच्या, म्हणजे खर्जातल्या मोठ्या व्हायोलिनच्या, सुराला असा काही घासत होता, की मी ठरवूनच टाकलं, मार्कर घसरलाय. बिचाऱ्यांना दिसलं नसणार. मी तो सूर गुपचूप अर्ध्या पायरीने खाली आणला आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी जाऊन जेवलो.

पुढच्या रविवारी लॅपटॉपवर ते ऐकताना काकूंनी हात वर केला.

"इथे कोण आलं होतं?"

मी कबूल केलं.

"डोळ्यांबरोबर माझे कानही गेले असं वाटलं तुला?"

"नाही काकू, मला वाटलं मिस्टेक आहे..."

"असली तरी माझी आहे. परत ठेव आणि घरी जा."

पुढचे दहा दिवस त्यांनी दार उघडलं नाही. मला स्वतःची लाज वाटत राहिली. सूर बदलला म्हणून नव्हे. मी त्यांची कीव केली होती, आणि ती त्यांना ऐकू आली होती.

अकराव्या दिवशी फोन आला. "आता कागदही दिसत नाही. तीन पानं राहिलीत. मी बोलेन, तू लिही. आणि प्रत्येक ओळ म्हणून दाखवायची, म्हणजे तू काय लिहिलंयस ते मला कळेल."

"काकू, मला गाता येत नाही."

"मला दिसत नाही. चल, सुरू कर."

मग काय, जाड जॅकेट घालून मी गॅरेजमध्ये चेलो गायलो, व्हायोलिन गायलो. बायकोने घराच्या खिडक्या आधीच लावून घेतल्या होत्या. काकू डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "पुन्हा." एकेका ओळीला सात-सात वेळा पुन्हा. मी वैतागायचो. त्या नाही. दीड महिना असा गेला. एका दुपारी त्यांनी एक सूर सांगितला, मी तो लिहून म्हणून दाखवला.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे नाही. झालं."

त्या भिंत चाचपत खाली बसल्या आणि रडल्या. मीही रडलो. दोघांनाही त्याचा संकोच वाटला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी काकूंचं हृदय थांबलं. मे महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये वाद्यवृंदाने ती रचना वाजवली, पूर्ण वीस मिनिटं. संपल्यावर संगीतकाराने प्रेक्षकांतून उठून उभं राहायचं, अशी इकडे रीत आहे. वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरने सवयीने पहिल्या रांगेकडे हात केला. तिथली एक खुर्ची त्यांनी रिकामीच ठेवली होती. टाळ्या झाल्या, मग विरळ होत गेल्या. लोक पार्किंगकडे निघाले.

रेवाने माझी बाही ओढली. "बाबा, एव्हरीवन्स स्टॉप्ड."

"थांबू देत," मी म्हटलं, आणि टाळ्या वाजवत राहिलो.