तारेच्या ब्रशाने घासलेला कातळ

त्या कातळावर तारेचा ब्रश मी चालवला. माझा मित्र पडला तो त्यामुळे, आणि मी सहा महिने गप्प बसलो.

नार्नूरच्या पलीकडे, सडकेपासून अर्धा तास चाललं की वाळूच्या दगडाचा एक उंच, कलता कातळ लागतो. त्यावर हाताने धरावं असं काही नाही. बोटभर कडांवर पाय टेकवायचे, सगळा भार पायांवर टाकायचा आणि वर सरकायचं. दोर अडकवायला पूर्ण चढाईत कातळात ठोकलेले दोनच बोल्ट. वरच्या बोल्टच्या पुढे पाय सुटला तर माणूस बराच खाली येतो.

कॉलेजात असताना आम्ही दोघे एका शिबिरात चढाई शिकलो. पुढे मी शाळेत मास्तर झालो, तो गुडीहत्नूरजवळ आपल्या गावी शेती करू लागला. पन्नाशी आली तरी आमचं जाणं सुटलं नाही. या दगडाची फक्त वरची साल टणक, आत सगळी रेती, म्हणून त्यावरची धूळ रंगाच्या मऊ ब्रशानेच झाडायची, हा माझ्या मित्राचा नियम.

तो नेहमी पुढे चढायचा. मी मागून, वरून बांधलेल्या दोरावर. एकदा तरी आपण पुढे जावं, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी एकटाच मागच्या पायवाटेने माथ्यावर गेलो आणि तिथल्या झाडाला दोर बांधून त्यावरून खाली उतरलो. दुसऱ्या बोल्टच्या वरची एक कड काळी पडून निसरडी झाली होती. शाळेच्या फाटकाचा गंज काढायचा तारेचा ब्रश मी सोबत नेला होता. कड खसाखसा घासली. तांबडी भुकटी उडत राहिली. कड रुंद झाली म्हणून मला आनंदच झाला.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "मास्तर, आज तू पुढं."

ऐन वेळी माझं धैर्य गेलं. "आधी तू जा. मी पाहतो."

"पाहूनच म्हातारा होशीन तू," म्हणत तो चढला. त्या कडेशी थांबला. वरून ओरडला, "ही कड नवी दिसून राह्यली बे. काऊन?"

दोर माझ्या हातात होता. मी म्हणालो, "उन्हानं तशी दिसत असंन. ठेव पाय."

त्याने पाय ठेवला आणि कड गुळासारखी भुरभुरली. दोराने त्याला धरलं, पण तोवर घोटा कातळावर आपटून मोडला होता. खाली आणल्यावर तो एवढंच म्हणाला, "पाय चुकला राजा."

त्याच्या घरी वहिनी माझ्यावर चिडल्या. "तुमी तरी सांगाचं ना भाऊजी! वय काय झालं याइचं?"

"मास्तर काय सांगंन? तो तं खाली होता," तो म्हणाला.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. वर्गात फळ्याकडे तोंड करून उगाच उभा राहायचो. दोनदा मोटारसायकल काढून त्याच्या गावच्या फाट्यापर्यंत गेलो आणि परतलो. तिसऱ्यांदा पोचलो, तर बोंडअळीवर तासभर बोलून उठलो.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. कापसाची ट्रॉली भरत होती. वर चढून कापूस तुडवायचं काम दरवर्षी त्याचं. या वेळी वहिनी वर होत्या. "पहा भाऊजी, पहाड चढणारा माणूस ट्रॉलीले भेते!"

तो हसला. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "पायावर भरोसाच नाही राह्यला यार. वावराच्या धुऱ्यावरून चालतो तरी खाली पाहतो."

मी त्याला ट्रॉलीच्या मागे नेलं.

"तुहा पाय नाही चुकला. ती कड मी घासली होती. तारेच्या ब्रशानं, तू पडला त्याच्या आदल्या रविवारी."

तो म्हणाला, "मी वरून विचारलं तवा काऊन नाही सांगतलं?"

"लाज वाटली. तू तिथं वर लटकून होता, अन् मले लाज वाटली. चूक माही होती, तुह्या पायाची नाही. माफ कर मले."