केवड्याचं भूत

सखुबाई सून म्हणून कोपरीला आली ती १८७९ साली. नवरा विठ्ठल ठाणे स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता. घरात सासू रखमाबाई. नणंद मालन टिटवाळ्याला दिलेली. लग्नात सखुबाईच्या वेणीत केवडा माळला होता. वरात दारात पोचेपर्यंत तिच्या डाव्या डोळ्यामागे घण पडू लागले. कसंबसं तिने माप ओलांडलं आणि उंबऱ्याच्या आतच ती भडाभडा ओकली.

त्याच दिवशी रखमाबाईच्या मनात पाल चुकचुकली. पुढेही तेच. देवापुढे ऊद जाळला किंवा कुणी अत्तर लावून आलं, की सखुबाईचं अर्धं डोकं उठायचं. उजेड सोसायचा नाही. दोन दोन दिवस ती अंधाऱ्या खोलीत पडून असायची. शेवटी सासूने धाकू भगताला बोलावलं. त्याने निखाऱ्यांवर लोबान आणि मिरच्या टाकून तिला वरून घोंगडी पांघरली. ती गुदमरली, किंचाळली, ओकून ओकून निपचित पडली.

"बघा, बाहेरचं आहे ते कसं तडफडतंय!" धाकू म्हणाला. "अजून दोनदा धुरी द्यावी लागेल."

दुसरी धुरीही झाली. तिसऱ्या वेळी, आषाढातल्या अवसेला, सखुबाईने निखाऱ्यांची शेगडी उचलली आणि अंगणातल्या चिखलात उलटी केली.

"मला भूतबित काही लागलेलं नाही. मला वास सोसत नाहीत," ती म्हणाली. "आत्याबाई, पुढच्या अवसेपर्यंत घरात ऊद, अत्तर, केवडा आणू नका. तरी डोकं उठलं, तर मी आपल्या पायांनी धाकूच्या दारात जाऊन बसते."

"सासूला अट घालतेस?"

"घालते."

विठ्ठल आजवर असल्या वेळी गप्प बसायचा. तो हळूच म्हणाला, "आये, महिनाच तर आहे."

पंधरा दिवस काही झालं नाही. सखुबाई लावणीला गेली, भात सडलं, रात्री शांत झोपली. नारळी पुनवेला मालन माहेरी आली. दुसऱ्या सकाळी सखुबाईच्या डोळ्यांपुढे ठिणग्या नाचायला लागल्या आणि दुपारी डोकं फुटायला आलं.

"घातली होतीस ना अट?" शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात रखमाबाई म्हणाली. "ऊठ, चल आता धाकूकडे."

सखुबाई उठली, पण दाराकडे गेली नाही. एक डोळा पदराने झाकून, भिंत धरत, हुंगत ती घरभर फिरली. मालनच्या लाकडी पेटीपाशी येऊन थांबली.

"मालन, उघड ही."

"माझी पेटी? मी काय चोर आहे, वैनी?"

"चोर नाहीस. पण उघड."

लुगड्यांच्या घड्यांत केवड्याची दोन पिवळी पाती निघाली. मालन रडकुंडीला आली. "कपड्यांना वास राहतो म्हणून ठेवली होती गं. मला कुणी काही सांगितलंच नाही."

विठ्ठलने पाती उचलली आणि थेट खाडीत टाकून आला. सखुबाई त्या दिवशी ओकली, रात्रभर कण्हली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. रखमाबाईने चूक कधी कबूल केली नाही. पण पुढे धाकू विचारपूस करायला आला, तेव्हा तिने त्याला ओसरीवरूनच वाटेला लावलं.

गाव मात्र इतक्यावर गप्प बसलं नाही. हळदीकुंकवाला अत्तराचा फाया पुढे आला की सखुबाई हात मागे घ्यायची. मोठ्या घरची हौसाबाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "अत्तर नको तर यायचं कशाला?"

"हळदीकुंकवाला आले आहे. ते द्या, मग जाते," सखुबाई म्हणाली आणि कुंकू लागेपर्यंत बसून राहिली.

देवळात ऊद पेटला की ती बाहेर उभी राहून हात जोडायची. बायका कुजबुजायच्या. तिला ऐकू गेलं, तर ती मोठ्याने म्हणायची, "देवाला मी इथूनही दिसते."

अर्धशिशीने तिला जन्मभर सोडलं नाही. कधी उन्हाने यायची, कधी उपासाने. पण आता ती अंग टाकेपर्यंत कण्हत चुलीपाशी बसत नसे. "माझं डोकं उठलंय, भाकऱ्या कुणीतरी भाजा," असं सांगून ती दार लावून घ्यायची. पहिली दोन वर्षं यावरून भांडणं झाली. मग रखमाबाई स्वतःच परात पुढे ओढू लागली, तोंडाने कुरकुरत.