राजाला बसायला मिळतं

मी राजा व्हायचे ते गुडघ्यांमुळे. घरात इतिहासाचा खेळ काढला तेव्हाच ठरवलं होतं, की राजा, सुभेदार, किल्लेदार, जो कोणी खुर्चीवर बसणारा असेल तो मीच. बाकीच्यांनी पळापळ करावी. एकतीस वर्षं शाळेत उभं राहून इतिहास शिकवला, आता निवृत्तीनंतर तरी बसून शिकवू द्या.

खरं तर मला शिकवायचंच नव्हतं, दुपारी झोपायचं होतं. पण मुलगा इंदूरची नोकरी सोडून रायपूरला परत आला. तो भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात, सून तिच्या नोकरीवर, आणि शाळेतून दीडला येणारी सात वर्षांची नात माझ्या गळ्यात. गळ्यात म्हणते खरं, पण माझा सगळा जीव तिच्यात आहे. नवीन शाळेत तिचं कोणाशी जमेना. मधल्या सुट्टीत ही एकटी डबा खाते, असं तिच्या बाईंनी सांगितलं, त्या दिवशी मीही अर्ध्या ताटावरून उठले. मैत्रीण काय ती एकच मिळाली होती, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारी. छत्तीसगढी घरातली, नऊ वर्षांची, चुणचुणीत. तिचे वडील बीरगावच्या कारखान्यात, आई शिवणकाम करते, आणि घरात माझ्याच वयाची आजी. ही मुलगी रोज तीनच्या ठोक्याला दोन जिने चढून वर यायची, आणि मग माझी झोप संपायची.

अशाच एका दुपारी नातीनं विचारलं, "आजी, हम मराठी हैं तो रायपुर में क्यों हैं?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

मी डोळे मिटूनच सांगितलं, "अगं, आपले पूर्वज नागपूरच्या राजाच्या फौजेसंगं आले इथं. लिहिणारे होते ते, राजाचे कारकून."

हे वाक्य आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या छाती फुगवून सांगतात. माझी छाती आडवं पडून जेवढी फुगली तेवढी फुगली. नात म्हणाली, "दिखाओ." जशी काही फौज मी कपाटात घडी घालून ठेवली होती.

मग दाखवावं लागलं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ही गादी, सुनेची ओढणी हे पागोटं, केरसुणी हा घोडा. नागपूर म्हणजे स्वयंपाकघर आणि रायपूर म्हणजे बाल्कनी. मधे न्हाणीघरात पाणी सांडून नदी केली, ती दोघींनी कपडे भिजवून पार केली. मग राज्य चालवायचं म्हणजे धान्य वसूल करायला हवं. गोल बाजारातून आणलेलं छोटं सूप होतं, डब्यातले तांदूळ होते. रयतेनं सुपातून तांदूळ आणायचे, गादीसमोरच्या पातेल्यात ओतायचे, आणि मी म्हणायचं, "अजून!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण पोरींना काय आवडला तो खेळ! आठवडाभर रोज तोच.

पहिल्या दिवशी नातीनं केरसुणी आधी पकडली म्हणून ती घोडेस्वार झाली आणि खालची पोट्टी रयत. पुढे तीच रीत पडून गेली. माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. वर्गात असते तर रोज पाळी बदलली असती. पण पाळी बदलायची म्हणजे भांडण, रडणं, समजूत, आणि मला तर पागोटंसुद्धा जड व्हायचं. चाललंय ना, चालू दे, म्हटलं.

एके दिवशी ती मुलगी रिकामं सूप घेऊन गादीसमोर आली. "खतम हो गया."

"मग घरातलं आण," मी राजाच्या आवाजात म्हटलं.

"घर का लाएँगे तो हम क्या खाएँगे?"

मला पेंग येत होती. शिवाय शिक्षकाला वर्गात टाळी घेण्याची खोड असते, ती निवृत्त होत नाही. मी म्हणाले, "वो राजा को क्या मालूम!" नात खिदळली. ती मुलगी हसली नाही. तिनं सूप जमिनीवर ठेवलं, चपला घातल्या आणि खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले, ती आली नाही. कबूल करते, मला बरं वाटलं. मी चांगली तासभर झोपले. तिसऱ्या दिवशीही झोपले. चौथ्या दिवशी उठून पाहते तर नात जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली, खाली डोळे लावून. "मैंने कुछ नहीं किया था ना, आजी?" तिनं विचारलं. त्यानंतर मला दुपारची झोप लागली नाही. माझ्या एका वाक्यानं माझ्या नातीची एकुलती एक मैत्रीण गेली होती, आणि माझी नात तो दोष स्वतःकडे घेत होती.

भाजीच्या गाडीपाशी त्या मुलीची आजी भेटली. मी विचारलं, "तुमची पोट्टी वर येत नाही, काहून? बरं नाही का तिले?" बाई मोकळेपणानं हसली. म्हणाली, पोरीनं घरी येऊन सांगितलं, की वरच्या दादीच्या लोकांनी आपलं धान नेलं. "लइका मन के गोठ ए, दीदी," ती म्हणाली, म्हणजे पोरांचं बोलणं ते. मग वांगी निवडता निवडता खालीच बघत पुढं म्हणाली, "फेर लबारी तो नइ मारत हे." खोटं तर बोलत नाहीये.

त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी घरी आले आणि दिवसभर मनातल्या मनात तिच्याशी भांडले. आमचे कारकून होते, तलवारवाले नव्हते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं मला काय विचारता? आम्हीही इथलेच झालो की! हे सगळं म्हणून झालं, पण आमच्या कारकुनानं काय लिहून ठेवलं असेल तर वसूल केलेलं धानच, दुसरं काय, हे मला कळत होतं.

मग पौषातली पुनव आली, छेरछेराचा सण. धान घरात आलेलं असतं आणि पोरं पिशव्या घेऊन दारोदार "छेरछेरा!" ओरडत नवं धान मागत फिरतात. त्या दिवशी कोणीही कोणाच्याही दारी मागावं, मागण्यात लाज नाही, श्रीमंताची पोरंही मागतात. आमचं घर मात्र नेहमी देणारं. मी लहान असताना फाटकाशी सूप घेऊन उभी राहायची आणि ओंजळीनं धान वाटायची. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरी पिशव्या भरून हसत पुढच्या घरी जायच्या, मला वाटायचं यांच्यासोबत पळावं. एकदा वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "आपण हात पसरत नाही. आपण देणारे." मला तेव्हा रडू आलं होतं, आणि पुढे मीच माझ्या मुलाला तेच वाक्य ऐकवलं.

यंदा इमारतीतली सगळी पोरं वर येऊन गेली. नात धानाची परात घेऊन दारात उभी. ती मुलगी शेजारच्या जिन्यानं गेली, समोरच्या घरी गेली, आमच्या दाराला तिनं हात लावला नाही. नात माझ्याकडे पाहत राहिली.

मी खुंटीवरच्या दोन कापडी पिशव्या काढल्या. "चल," म्हटलं. "आपण जाऊ मागायले."

"आप भी?"

"मी बी."

दोन जिने उतरताना गुडघे इतके कुरकुरले की वाटलं, खालपर्यंत ऐकू गेलं असेल. तळमजल्याचं दार उघडंच होतं. नात लगेच ओरडली, "छेरछेरा!" जन्मभर तेच करत आल्यासारखी. ती मुलगी नुकतीच फिरून आली असावी. ती आतून टोपलं घेऊन आली, मागून तिची आजी. नातीच्या पिशवीत तिनं दोन ओंजळी घातल्या. मग माझ्यासमोर थांबली.

"दादी को भी बोलना पड़ेगा."

आयुष्यभर हजार पोरांसमोर बोलले, आणि एका नऊ वर्षांच्या मुलीच्या उंबऱ्यावर माझी वाचा बसली. लाज वाटली. ही लाज त्या कारकुनाची, वडिलांची, की माझी स्वतःची, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. शेवटी पुटपुटले, "छेरछेरा."

"ज़ोर से."

जिन्यावरून तिसऱ्या मजल्याचे साहेब उतरत होते, ते थांबले. मी पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली आणि मोठ्यानं म्हणाले. त्या मुलीनं टोपल्यात हात घातला. एक ओंजळ, दुसरी, मग तिसरी. तिची आजी दाराला टेकून बघत होती.

मी म्हटलं, "बेटा, उस दिन मैंने गलत बोला. राजा को मालूम होना चाहिए था कि तुम क्या खाओगे."

नात माझा पदर धरून उभी होती, तिची मूठ इतकी घट्ट होती की पदर ओढला जात होता.

"कल आऊँगी," ती मुलगी म्हणाली. "पर खेल में राजा नहीं रहेगा."

"हव," मी म्हणाले. "राजा नहीं रहेगा."

नात उड्या मारत वर गेली. मी कठड्याला धरून एकेक पायरी चढले, पहिल्या मजल्यावर दम खायला थांबले आणि उद्या काय खेळायचं याचा विचार करू लागले. पहिला धडा आठवला, त्यात राजा. दुसरा, त्यातही राजा. एकतीस वर्षं इतिहास शिकवला, आणि राजा नसलेला एकही धडा मला येत नाही. ती तर उद्या तीन वाजता येणार आहे.