चौकटीची खालची कड

सलीमभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी हातखंब्याला कागदाच्या टेम्पोवाल्याशी भांडत होते. वरचे रीम भिजले होते आणि तो मलाच समजावत होता, "ताई, कोकणात कागद भिजणारच." तेवढ्यात सलीमभाईंच्या मुलीचा, रुखसानाचा, फोन आला. "ताई, अब्बा गेले. सकाळी छातीत दुखलं, आणि…" मी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि भांडण पुरं केलं. भिजलेले रीम परत घ्यायला लावले. मग रत्नागिरीपर्यंत त्याच टेम्पोत तोंड खिडकीकडे करून बसून आले. टेम्पोवाल्याला वाटलं, मी अजून त्याच्यावरच चिडले आहे. चिडले होतेच, पण त्याच्यावर नव्हे.

कोर्टासमोर टायपिंगचं एक टेबल मांडून मी धंदा सुरू केला आणि कुणाच्या वशिल्याशिवाय डीटीपी-छपाईपर्यंत आले. अठ्ठ्याण्णवच्या सुमारास सलीमभाई आखातातल्या छापखान्यातली नोकरी सोडून बंदराजवळच्या मिरकरवाड्यातल्या घरी परतले होते. ते माझ्याकडे ऑपरेटर म्हणून आले तेव्हा पगारावरून आमची घासाघीस चहा थंड होईपर्यंत चालली. शेवटी ते हसून म्हणाले, "ताई, तुम्ही बंदरावर मासळीच्या लिलावाला उभ्या राहा, छापखाना मी बघतो." त्या वाक्यावर मी त्यांना ठेवून घेतलं.

आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मॅटर पानावर मोकळं ओतायचं आणि हवं तिथे सरकवायचं. काही वर्षांनी आमच्या छपाईच्या प्लेट काढून देणारा कोल्हापूरवाला नव्या सॉफ्टवेअरच्याच फायली मागू लागला, म्हणून आम्हीही बदललं. नव्यात आधी चौकट आखायची, मग तिच्यात मॅटर. चौकट नाही तर काही नाही. माझा जीव गुदमरायचा. सलीमभाई मात्र खूश. म्हणायचे, "घर बांधल्याशिवाय माणसं ठेवणार कुठे?"

"माणसं आधी येतात, सलीमभाई. घर मग वाढवतात."

"म्हणून तुमच्या दुकानात बसायला जागा नाही," ते म्हणायचे आणि नवी चौकट ओढायचे.

त्याच दिवसांत लांज्याकडच्या एका घरातल्या लग्नाची पत्रिका आली. आमच्याकडे पत्रिकेत खाली घरातल्या वडीलधाऱ्यांची नावं असतात आणि त्यातलं एखादं मागेपुढे झालं तरी माणसं आयुष्यभर बोलत नाहीत. या घरातले दोघे भाऊ आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून आधीच बोलत नव्हते. थोरला भाऊ मुलीचा बाप. सगळं मॅटर देऊन झाल्यावर तो पायरीवरून परत फिरला आणि धाकट्याचं नाव शेवटी घालायला सांगून गेला. सलीमभाईंनी एका जुन्या पत्रिकेचा साचा नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणून त्यात मॅटर भरलं होतं. त्यात ते नाव टाईप केलं. चौकट एका ओळीने तोकडी पडली. अशा वेळी ओळ पुसली जात नाही, नुसती दिसेनाशी होते आणि कोपऱ्यात एक बारीक लाल खूण येते. ती कुणीच बघितली नाही. थोरल्याने चष्मा घरी विसरून प्रुफावर सही केली.

पत्रिका वाटल्या गेल्या आणि धाकटा भाऊ दुकानात येऊन थडकला. "माझं नाव उडवायला दादाने किती दिलेन तुम्हाला?"

मी सहीचं प्रूफ ड्रॉवरमधून काढलंच होतं. सही असली की बोलणं संपतं, हा माझा नियम. पण माझ्या आधी सलीमभाई बोलले. "काका, चूक माझी. तुमचं नाव आत आहे. या, इथे बसा."

त्यांनी पत्रिका पडद्यावर उघडली, नावांच्या चौकटीची खालची कड धरली आणि खाली ओढली. नाव बाहेर आलं.

काका पडद्याजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे… दादाने घातलंन होतं?"

"स्वतः परत येऊन."

काकांनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. बाहेर गेले, रिक्षा केली आणि थेट भावाच्या घरी गेले. पत्रिका आम्हाला पुन्हा छापून द्याव्या लागल्या.

मी सलीमभाईंना सुनावलं. "दुकान माझं आहे. चूक कबूल करायची की नाही, ते मी ठरवणार."

"ताई, नाव त्यांचं होतं," एवढंच ते बोलले.

आणि पुढच्या महिन्यात माझी जागा सोडून त्यांनी घरीच कॉम्प्युटर मांडला. मला सांगितलं नाही. कागदाच्या व्यापाऱ्याकडून मला ते कळलं! काकांनी गावोगाव सलीमभाईंचं नाव गाजवलं आणि त्या भागातल्या लग्नपत्रिका मिरकरवाड्यात जाऊ लागल्या. गिऱ्हाइकं गेल्याचं मला वाईट नाही वाटलं, गिऱ्हाइकं मी परत मिळवते. मिळवलीही. त्या चौकटी मी स्वतः शिकले, चुकत, चरफडत, पण कुणापुढे हात न पसरता. रस्त्यात भेटले की सलीमभाई "काय ताई" म्हणायचे आणि मी बाजाराकडे वळायचे. जाणाऱ्याने सांगून जावं, एवढंच माझं म्हणणं होतं. आजही आहे.

ते गेल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तर रुखसाना म्हणाली, "ताई, एक पत्रिका अर्धी राहिली आहे. पार्टी उद्या पत्रिका न्यायला येणार. कुणाला सांगू?"

मी त्यांच्या खुर्चीवर बसले. पडद्यावर सगळ्या चौकटी आखलेल्या, बहुतेक मॅटर भरलेलं. उरलेलं मी भरलं. मग छापायच्या आधी मी जे नेहमी करते, ते केलं. एकेका चौकटीची खालची कड ओढून बघितली. शेवटच्या चौकटीखाली काही नव्हतं. लाल खूणही नव्हती.

तरी, एखादी ओळ माझ्यासाठी राहिली असेल म्हणून मी ती पुन्हा ओढली. पानाच्या तळापर्यंत… कोरीच निघाली. मग कड होती तिथे नेऊन ठेवली आणि फाईल छपाईला पाठवली. पार्टी आली तेव्हा पत्रिका तयार होत्या.