मेढ उजव्या हाताला

सायकल मी खळ्यात शिकले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. रस्त्यावर शिकले असते तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

माझं माहेर गुंजीचं. घरामागून रेल्वे जायची. ती खाली गोव्याला, पार दर्यापर्यंत जाते म्हणायचे. शेळ्या राखता राखता किती गाड्या बघितल्या, पण चढले एकीतही नाही. मग लग्न होऊन उचगावात आले, तर तिथंही तेच. आमच्या खळ्यापुढून वेंगुर्ल्याचा रस्ता जायचा. खाली जाणाऱ्या बैलगाड्यांत तांदूळ आणि गूळ, वर येणाऱ्या गाड्यांत मीठ, नारळ, सुकी मासळी. मासळीची गाडी आली की आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, नाकाला पदर लावायच्या. मी पदर बाजूला करून वास घ्यायची. माहेरी काय नि सासरी काय, दर्याची वाट दारावरून गेलेली आणि मी दारात उभी.

दुसरी मोठी लढाई लागायच्या आधीची ही गोष्ट. आमचे मालक बेळगावात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला होते. रोज जाऊन येऊन करायचे, त्यासाठी कॅंपातल्या कुणा गोऱ्याची जुनी सायकल घेतलेली. पण सायकलचा खरा उपयोग वर्षातून एकदा, शिमगा झाल्यावर. निपाणीचे त्यांचे एक मित्र होते, जैनाघरचे, तंबाखूची वखार असलेले. ते आदल्या दिवशी सायकलनं आमच्याकडं मुक्कामाला यायचे आणि पहाटे दोघं निघायचे. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, वेंगुर्ला, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं पायवाट धरून मालवणच्या अंगाला. खाडी आडवी आली की सायकली होडीत घालायच्या. कामधंदा काही नाही. नुसतं फिरायचं. आत्तींना हे शेवटपर्यंत कळलं नाही. "देव न्हाय, पाव्हणं न्हाय, बाजार न्हाय. मग जातासा कशाला?" असं त्या विचारायच्या.

परत आले की आठवडाभर त्याच गप्पा. निपाणीचे भाऊजी सांगायचे, "वैनी, तिथं भातात सुदीक मासा पोहतोय. मी नारळावर जगलोय. पोट हलवून बघा, पाणी वाजतंय."

मालक वाळूचं सांगायचे. "भरती ओसरली की वल्ली वाळू अशी घट्ट बसती, चाक रुतत न्हाय. रस्ता परवडला न्हाय त्याच्यापुढं."

"आमच्या खळ्यागत?" मी विचारलं.

"खळ्यागतच गं. सारवल्यासारखी. पर त्याला कड न्हाय."

कड नसलेलं खळं. ते माझ्या डोक्यात जे बसलं ते उठेचना. एका वर्षी मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, "मला न्या की एकदा."

"तुला मागं बसवून आंबोली उतरू? बिरेक जळत्यात माझं." मग भाऊजींकडं बघून म्हणाले, "सोता पायडल मारीत येत असलीस तर चल. मी कुठं नको म्हणतोय?"

दोघं हसले. मी म्हटलं, "येईन की."

भाऊजी हसायचे थांबले. "वैनी बोलल्यात. मी साक्षीला हाय. पुढल्या शिमग्याला धाकट्या भावाची सायकल घेऊन येतो."

आता आत्तींचं सांगते. त्या वाईट नव्हत्या. सासरे, म्हणजे आप्पा, लवकर गेलेले, तेव्हापासून एकुलत्या लेकावर जीव टांगून बसलेल्या. मला वाटलं होतं त्या आकाशपाताळ एक करतील. त्या नुसतं म्हणाल्या, "नवऱ्यासंगं जायाला मी कोण आडवणार? पर रस्त्यावर पडझड नको. शिकायचं ते खळ्यात शीक. निवडुंग हाय भवतीनं, कोण बघत न्हाय."

भाताची मळणी संपली, रास घरात आली आणि खळं मोकळं झालं. सारवून सारवून दगडासारखं झालेलं, गोल. मधोमध मेढ, म्हणजे बैल बांधायचा खांब. सुट्टीच्या दिवशी मालक सायकल घेऊन आले, मी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, मधल्या दांड्याखालून पाय घातला आणि हाप पायडल सुरू केलं. मेढ डाव्या हाताला ठेवून सायकल घ्यायला लागले, तशा आत्ती ओरडल्या, "तिकडनं न्हाय. बैल फिरत्यात तसं फीर. मेढ उजव्या हाताला."

देवाला फेरी घालतो तशीच मळणीत मेढीला फेरी, उजवीकडून. त्यात विचारण्यासारखं मला काही वाटलं नाही. मी उजवीकडून फिरले. पडले, गुडघे फुटले, साखळीनं लुगड्याचा काठ खाल्ला. पण संक्रांत सरली तोवर मी खळ्यातल्या दगडावर पाय देऊन, दांड्यावरून टांग टाकून सीटवर बसायला लागले. मग काय, मालक संध्याकाळी घरी आले की सायकल माझ्या हातात. गरागरा फेऱ्या. आत्ती दगडावर बसून लसूण सोलायच्या आणि म्हणायच्या, "बैलापरीस बरी फिरतीस."

शिमगा झाला. भाऊजी खरंच दुसरी सायकल बरोबर दामटत निपाणीहून आले. मी पिशवीत दोन लुगडी, चटणी, दशम्या बांधल्या. आत्तींनी हातावर दही ठेवलं. सकाळी मी नेहमीच्या दगडावरून सायकलवर बसले. दोघं पुढं रस्त्यावर जाऊन डावीकडं, वेंगुर्ल्याच्या तोंडानं उभे राहिले. मी खळ्याच्या वाटेतून बाहेर पडले आणि सायकल वळली उजवीकडं. गावाकडं.

"डावीकडं गं, डावीकडं," मालक ओरडले.

मला ऐकू येत होतं. हात ऐकत नव्हते. आयुष्यात डावं वळण मी घेतलेलंच नव्हतं, हे मला त्या घडीला कळलं. उतरताही येईना, कारण उतरायची सवय त्याच दगडावर. विहिरीपाशी गल्ली उजवीकडं होती, सायकल तीत शिरली. आमच्या घरापुढून गेले, तिथं आत्ती तांब्या घेऊन उभ्या. "काय इसारलीस गं?" त्यांनी विचारलं. पुढं पुन्हा उजवीकडं, परड्यामागून, आणि आले ती थेट खळ्यात. एवढं करून मी गावालाच मेढ करून एक मोठी फेरी मारली होती.

भाऊजी कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "वैनी, दर्या त्या बाजूला न्हाय."

मग मालकांनी सायकल रस्त्यात नेऊन वेंगुर्ल्याकडं तोंड करून धरली. मी बसले. थोडी सरळ गेले, सुलग्याहून येणारा एक गाडीवान समोर बघून थांबला, आणि सायकल हळूहळू उजवीकडं झुकत शेताच्या बांधाला जाऊन लागली. परत धरली, परत तेच. मालक आधी हसत होते, मग समजावत होते, मग नुसती सायकल धरत राहिले. आंबोलीच्या घाटात एका अंगाला दरी आहे. ते घाटाच्या दिशेनं बघत होते, आणि ते काय बघतायत ते मला कळत होतं.

"पुढल्या साली," ते म्हणाले.

माझी पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. दशम्या तेवढ्या काढून घेतल्या.

ते दिसेनासे झाले तशी मी भाऊजींनी मागं ठेवलेली सायकल खळ्यात आणली. रडले बिडले नाही. मला वाटलं, एवढंच ना, डावीकडून फिरले की झालं. चार दिवसांत दुसरा हात तयार. मी मेढ डाव्या हाताला घेतली आणि पहिली फेरी अर्धी झाली नसेल, तोच आत्ती घरातून धावत आल्या. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हॅंडलच धरलं.

"उलटी फिरतीस व्हय? माझा ल्योक वाटंवर हाय, घाटात हाय, आणि तू उलटी फिरतीस?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. उलटी फेरी एकाच जागी घालतात. खांद्यावर मडकं घेऊन, सरणाभोवती. मी सायकल खाली ठेवली. मी काय म्हणणार होते? सायकलला सरण आणि मेढ यातलं काही कळत नाही, असं? ते त्यांनाही ठाऊक होतं. पण मालक परत येईपर्यंत त्या रोज खळ्याच्या तोंडाशी गोणपाट टाकून बसल्या. डाळ निवडायला, वाती वळायला, सगळं तिथंच.

मालक आले. काळेठिक्कर पडलेले, खुशीत. मी सगळं सांगितलं. वाटलं, आईला हसतील, दोन शब्द समजावतील. सगळ्याची चेष्टा करणारा माणूस तो. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या.

"आप्पा गेलते तवा ती फेरी मी घातलीया," ते म्हणाले. "मडक्याचं पाणी पाठीवर सांडत हुतं. गार. अजून कळतंय मला." मग म्हणाले, "जाऊ दे. तिच्या मनाला लागंल असं नको."

"मग मी शिकू कुठं? शेतात चाक रुततंय. रस्त्यावर आत्ती सोडत न्हाईत."

"बघू."

"वल्ल्या वाळूवर मेढ असती का?"

"दर्यात कुठली मेढ?"

"मग मला तिथं शिकवा."

ते हसले. "तिथंवर येणार कशी?"

मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि हसू तोंडावरच राहिलं. डावं वळण शिकायला जागा एकच होती, आणि तिथं जायला आधी डावं वळण यायला हवं होतं. "मोटारीतनं नेतो तुला," ते म्हणाले. "सर्विस मोटार जाती की सावंतवाडीला." मनापासून म्हणाले. पण पुढं लढाई लागली, मोटारींना पेट्रोल मिळेना, सायकलीला टायर मिळेना. त्यांच्या टायरला गोणपाटाचं ठिगळ बसलं आणि त्यांचंही दर्यावर जाणं बंद झालं. ते बेळगाव आणि घर, एवढंच करायला लागले.

माझं सायकल चालवणं मात्र बंद झालं नाही. ते कसं, तेच सांगायचं राहिलं.

त्या शिमग्यानंतर थोड्याच दिवसांनी मालकांना ताप आला. हिवतापाचाच, आमच्याकडं नवा नव्हे. उतरत होता, चढत होता. एका संध्याकाळी आत्ती माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "त्या दिशी अर्धी फेरी उलटी झालीया. तू सुलटी फीर. रोज फीर."

मी फिरले. ताप कशानं गेला देव जाणे, कोयनेलच्या गोळ्याही चालूच होत्या. पण आत्तींनी धरलं ते धरलं. तिथून पुढं सांज झाली, मालक घरी आले, की आत्ती हाक मारायच्या, "फेऱ्या घातल्या न्हाईस अजून?" जशी तुळशीला पणती, तशी माझी सायकल. डोकं दुखत असो, चूल पेटायची असो. दिवस गेले तेव्हा तेवढी सुटका झाली. लेकरू वर्षाचं झालं आणि हाक पुन्हा सुरू.

एकदा मी म्हटलं, "आत्ती, आज पाय उचलत न्हाय."

त्या लेकराला मांडीवर घेऊन दगडावर बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. "पाचच घाल," म्हणाल्या. "तुझाच नवरा हाय न्हवं?"

मालक ओसरीवर पाय धूत होते. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडं नाही, सायकलीकडं, आणि पुन्हा पाय धुवायला लागले.

मी काष्टा खोचला. एव्हाना मला हॅंडल धरावंही लागत नव्हतं, सायकल आपली आपण उजवीकडं फिरायची. निवडुंगाच्या कुंपणात खळ्याच्या तोंडाशी जी फट होती, तिच्यातून दर फेरीला एकदा वेंगुर्ल्याचा रस्ता दिसायचा. मिठाची गाडी चालली असली तर पहिल्या फेरीला तिचे बैल दिसायचे, दुसऱ्या फेरीला गाडी, तिसऱ्या फेरीला नुसती धूळ. पाच झाल्या. आत्तींनी मान हलवली. सहावी मी माझ्यासाठी मारली, तीही उजवीकडूनच.